मी यांचं काय देणं लागतो?

आजचा शास्त्रपाठ : लूक १३:१-९
सोबत वाचा : अनुवाद २२:८, अनुवाद २४:१४-१५, मत्तय ७:१-५



नऊच वचनं आहेत. ट्रेनमध्ये असाल तर दोन स्टेशनांत वाचून होतील. आधी वाचून घ्या, मग पुढे या.

काही लोक प्रभू येशूकडे एक बातमी घेऊन येतात. पिलाताने काही गालीली माणसांना ते यज्ञ करत असतानाच मारून टाकलं होतं. बातमी आणणाऱ्यांनी तोंडाने काही प्रश्न विचारलेला नाही, पण मनात काय चाललंय ते येशूला कळतं. ही माणसं इतरांपेक्षा जास्त पापी असतील, म्हणूनच त्यांच्यावर ही वेळ आली, असं त्यांना वाटत होतं. येशू सरळ सांगतो, तसं नाही. आणि मग तो स्वतःहून दुसरी बातमी काढतो. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळला होता. अठरा माणसं खाली सापडून मेली होती. तीही काही जास्त दोषी नव्हती, असं तो म्हणतो. दोन्ही वेळा शेवटी तो समोर उभ्या असलेल्यांकडे वळतो: तुम्ही पश्चात्ताप करा.

जेरुसलेममधल्या लोकांना त्या बुरुजाची बातमी जशी माहीत होती, तशी आम्हा भिवंडीकरांना आमची एक बातमी पाठ आहे. २१ सप्टेंबर २०२०, सोमवार. पहाटे पावणेचारच्या सुमारास धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी नावाची तीन मजली इमारत पडली. लोक झोपेत होते. कितीतरी दिवस ढिगारा उपसणं चालू होतं. चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. त्यानंतर २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात अजून एक इमारत पडली. खाली गोदाम, वर राहणारी कुटुंबं. आठ जण गेले.

आज मी जे लिहिणार आहे, त्यात मी काही फार चांगला दिसणार नाही. तरी लिहितो, कारण हा पाठ मला दुसऱ्या कुठल्या मार्गाने समजलाच नाही.

त्या सोमवारी मी काय टाइप केलं

तेव्हा कोरोनामुळे चर्च बंद होतं. उपासना झूमवर, आणि बाकी सगळं युवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सकाळी फोटो यायला लागले. आधी हात जोडलेले इमोजी, मग प्रार्थनेच्या विनंत्या. दुपारपर्यंत सूर बदलला. कोणीतरी लिहिलं, देव इशारा देतोय. कोणीतरी लिहिलं, या भागातलं वातावरणच तसं आहे, दारू काय, जुगार काय. आणि मी लिहिलं, "एवढे लोक एका बिल्डिंगमध्ये राहतातच कशाला? यांनाच स्वतःच्या जिवाची पर्वा नाही."

सात-आठ जणांनी त्याला अंगठा दिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

आता दुसरी बाजू सांगतो. माझे वडील नगर जिल्ह्यातून भिवंडीला आले ते लूमवर काम करायला. आयुष्यभर जॉबर होते. लूम बंद पडला की मालक त्यांना हाक मारायचे. पै पै साठवून त्यांनी एका जुन्या दोन मजली इमारतीत तीन खोल्या घेतल्या. एकीत आम्ही वाढलो. मी इंजिनीअरिंग करून नोकरीला लागलो, आम्ही कॉम्प्लेक्समध्ये राहायला गेलो, आणि तिन्ही खोल्या भाड्याने गेल्या. वडील प्रभूकडे गेल्यावर ते भाडं माझ्याकडे यायला लागलं. महिन्याच्या पाच तारखेला. कधी रोख, कधी यूपीआय.

म्हणजे ज्या दिवशी मी "एवढे लोक एका बिल्डिंगमध्ये राहतातच कशाला" असं विचारत होतो, त्या दिवशी माझ्याच एका खोलीत नऊ लूम कामगार राहत होते. लूमची पाळी बारा तासांची असते. दिवसपाळीवाले उठून गेले की त्याच गादीवर रातपाळीवाले येऊन झोपायचे. ते तिथे कशाला राहतात, याचं उत्तर माझ्या बँक अकाउंटमध्ये दर महिन्याला जमा होत होतं.

दारूवर भाषण

पुढच्या वर्षी पावसाळ्यात आईच्या ओळखीच्या मंडळीतल्या बायकांनी तिला सांगितलं, तुमच्या खोल्यांत काय चाललंय बघा. मधल्या खोलीतला एक जण रोज पिऊन येतो. आणि शेवटच्या खोलीत एक बाई आहे, घरी बसून धागा कटिंगचं काम करते, ती ज्याच्याबरोबर राहते तो तिचा लग्नाचा नवरा नाही म्हणे. ख्रिस्ती माणसाच्या खोल्या, आणि लोक काय म्हणतील?

मला ते पटलं. एका रविवारी मी गेलो. मनात भाषण तयार होतं. आधी प्रेमाने सांगायचं, मग एक महिन्याची मुदत द्यायची. मधल्या खोलीतले काका दारातच बसले होते. मी सुरू केलं, हे घर आहे, इथे असं चालणार नाही, शरीर हे देवाचं मंदिर आहे वगैरे. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सेठ, दारू की बात बाद में करना. पहले अंदर आके ऊपर देखो."

मी आत जाऊन वर बघितलं. बीमच्या खालच्या बाजूचं काँक्रीट निघून गेलं होतं. आतल्या सळया उघड्या पडल्या होत्या, गंजून फुगलेल्या. वरच्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी कितीतरी वर्षं झिरपत होतं. खाली एका गादीवर प्लास्टरचे तुकडे पडलेले. दिवसपाळीचा पोरगा उठून गेल्यावर अर्ध्या तासाने ते पडले होते. काका म्हणाले, तुम्हाला तीन वेळा फोन केला होता. खरं होतं. तिन्ही वेळा मी "बघू" म्हणालो होतो.

मी भाषण अर्धवट सोडून घरी आलो.

मूळ भाषेतला एक शब्द

त्या आठवड्यात मी लूकचा हा अध्याय काढला. पाच वचनं इतक्या वेळा ऐकली होती की त्यात नवीन काही असेल असं वाटलं नव्हतं. पण बायबलच्या ॲपमध्ये मूळ ग्रीक शब्द बघायची मला सवय आहे. तिथे एक गोष्ट दिसली.

दुसऱ्या वचनात, गालीली माणसांबद्दल बोलताना, येशू 'पापी' हा नेहमीचा शब्द वापरतो. पण चौथ्या वचनात, बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दल बोलताना, शब्द बदलतो. तिथे जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ आहे देणेकरी. ज्याच्या नावावर उधारी आहे तो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'ऋणी' म्हणतो ना, तोच शब्द. अनुवाद करताना तिथे सहसा 'दोषी' किंवा 'अपराधी' येतं आणि ते चुकीचं नाही, कारण देवापुढे पाप हे देणंच आहे. पण मूळ शब्द डोळ्यासमोर ठेवून वाचलं की प्रश्न असा होतो: तुम्हाला काय वाटतं, खाली गाडली गेलेली माणसंच सगळ्यात मोठी देणेकरी होती का?

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. माझ्या खोलीत कोण कोणाचं देणं लागत होतं? ते लोक भाडं वेळेवर देत होते. सुरक्षित छत देणं हे माझं काम होतं, आणि ते थकलं होतं. उधारी माझ्या नावावर होती, आणि मी मात्र वहीत त्यांची पापं लिहीत बसलो होतो.

मग अनुवाद २२:८ आठवलं. नियमशास्त्रातला तो छोटासा नियम आपण वाचून पुढे जातो. नवीन घर बांधलंस तर छताला कठडा बांध, नाहीतर कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. तिथे देव असं विचारत नाही की पडणारा माणूस कसा होता, प्यायलेला होता का, त्याचं लग्न झालं होतं का. छत कोणाचं, एवढंच विचारतो. दोन अध्याय पुढे मजुराबद्दलही तसंच आहे. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचा जीव त्यावर अवलंबून आहे. तो मजूर तुझ्या लोकांपैकी असो की बाहेरचा. त्याच्या चालचलनाचा दाखला मागायला देवाने सांगितलेलं नाही.

आणि मत्तय ७ मधलं कुसळ-मुसळ तर शाळेपासून पाठ. पण 'मुसळ' म्हणून आपण जे वाचतो त्याचा मूळ ग्रीक शब्द घराच्या छताला आधार देणाऱ्या तुळईचा आहे. बीमचा. त्यांच्या डोळ्यातलं कुसळ काढायला मी गेलो होतो, आणि माझा बीम त्यांच्या डोक्यावर लोंबत होता. माझ्या बाबतीत त्या वचनात उपमा उरलीच नव्हती.

मग पापाबद्दल बोलायचंच नाही का?

इथे तुमच्यापैकी काही जण म्हणतील, दादा, हे जरा जास्त होतंय. दारू चुकीचीच आहे. पाप ते पापच. तेही बोलायचं नाही का?

बोलायचं. येशूने या पाठात पश्चात्ताप हा शब्द दोनदा वापरलाय. तो पापाला हलकं करत नाही. पण तो कोणाला बोलतोय ते बघा. मेलेल्यांबद्दल चर्चा करणाऱ्यांना बोलतोय. बातमी दुसऱ्याची होती, हाक माझी निघाली. आणि पश्चात्ताप म्हणजे काय, हे लूकनेच तिसऱ्या अध्यायात सांगून ठेवलंय. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, आम्ही काय करावं? तो सांगतो, दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांना सांगतो, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, धमकावून पैसे काढू नका. म्हणजे ज्याच्या हातात जे आहे, तिथेच त्याचा पश्चात्ताप सुरू होतो. घरमालकाच्या हातात काय असतं, हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आपल्याच मराठी ख्रिस्ती इतिहासात याचं एक उदाहरण आहे. पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथे लंडनमधल्या फुलहॅमला त्यांनी सिस्टर्सचं काम बघितलं. ज्या बायकांना समाज 'वाईट चालीची' म्हणून टाकून देतो, त्यांना त्या सिस्टर्स जवळ घेत होत्या, प्रेमाने वागवत होत्या. रमाबाईंना आश्चर्य वाटलं. अशा बायकांना दया दाखवायची असते, हे त्यांनी आधी कुठे पाहिलं नव्हतं. कशासाठी करता हे सगळं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहान ४ मधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. हा क्षण रमाबाईंनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलाय.

पुढे काय झालं ते केडगावला जाऊन बघता येतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथेच त्यांनी कृपा सदन काढलं, जगाने ज्यांना पतित ठरवलं त्या बायकांसाठी. नाव बघा, 'सुधार सदन' नाही, 'कृपा सदन'. रमाबाई पापाला पाप म्हणायला घाबरणाऱ्या नव्हत्या. पण आधी छप्पर, आधी ताट, आणि मग जे बोलायचं ते त्याच छपराखाली बसून.

पुढे काय झालं

माझ्या कॉलेजचा एक मित्र सिव्हिलवाला. त्याला नेऊन खोल्या दाखवल्या. त्याने सांगितलं, आजच टेकू लाव, आणि मधली खोली या आठवड्यात रिकामी कर. मी गाडी बुक केली होती, ती रद्द केली. दोन महिने काम चाललं. तेवढे दिवस भाडेकरू दुसरीकडे राहिले, त्या जागेचं भाडं मी भरलं. याला कृपा करून दान म्हणू नका. मजुरी उशिरा देणारा मालक दान करत नसतो.

काम झाल्यावर मोहात पडलो, हेही सांगतो. खोल्या आता चकाचक दिसत होत्या. एजंट म्हणाला, फॅमिलीला द्या, दीडपट भाडं येईल, कटकट नाही. मला तर आध्यात्मिक कारणसुद्धा सापडलं, चांगल्या लोकांना ठेवू, साक्ष चांगली राहील. आईला सांगितलं. ती धान्य निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझे वडील आले तेव्हा त्यांना तरी कोणी फॅमिली म्हणून खोली दिली होती का?"

जुनेच भाडेकरू परत आले, जुन्याच भाड्यात. फक्त एक केलं, नऊ जणांची खोली पाच जणांची केली आणि बाकीच्यांना तिसरी खोली दिली. त्यात माझं महिन्याचं उत्पन्न कमी झालं. ते कमीच व्हायला हवं होतं.

मधल्या खोलीतले काका अजून पितात. चमत्कार झालेला नाही. पण आता मी त्यांना दारूबद्दल बोललो तर ते ऐकून घेतात. कधी हसून टाळतात, कधी गावाकडच्या पोरांची गोष्ट काढून गप्प होतात. शेवटच्या खोलीतल्या बाईंची खरी गोष्ट मला नंतर कळली. ती त्यांची आहे, म्हणून इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, मंडळीतल्या बायकांना जे ठाऊक होतं ते अर्धंसुद्धा नव्हतं.

आणि एक काम राहिलंय. माझ्या तीन खोल्या नीट झाल्या, पण इमारत सगळ्यांची आहे. जिना, पिलर, गच्ची. बाकीचे मालक खर्चाला तयार नाहीत. त्यांच्यावर चिडायला मला फार सोपं जातं. पण मीही तीन वेळा "बघू" म्हणालोच होतो. म्हणून परत परत त्यांच्याकडे जातोय.

एक वर्ष

येशूने बुरुजाची गोष्ट सांगून लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला. सहाव्या वचनापासून वाचा. तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, अजून एक वर्ष राहू द्या, मी आळं खणतो, खत घालतो. आमच्या ऑफिसच्या भाषेत ही डेडलाइन वाढवून मिळाली. पण काम रद्द झालेलं नाही. फळ द्यायचंच आहे. आज आपण जिवंत आहोत, आपल्यावर छत आहे, याचा अर्थ आपण जास्त पवित्र आहोत असा नाही. आळं खणलं जातंय, एवढाच.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे भाड्याच्या खोल्या नसतील. पण देणं प्रत्येकाच्या नावावर असतं. घरी येणाऱ्या मावशींनी आजारपणात चार दिवस सुट्टी घेतली तर पगार कापला का? आज ऑर्डर, उद्या सकाळी दारात, असं आपल्याला हवं असतं. ते पॅकेट आमच्या भिवंडीच्याच गोदामात रात्री कोणीतरी उभं राहून भरलेलं असतं. ते आणणाऱ्या पोराला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून एक स्टार दिला का? आपल्या टीममधल्या हाउसकीपिंगच्या ताईंना कॉन्ट्रॅक्टर पगार वेळेवर देतो का, हे कधी विचारलं का?

म्हणून आजपासून एक सवय लावू या. कोणा गरीब माणसाच्या वागण्याबद्दल तोंड उघडायच्या आधी मनात एकच प्रश्न विचारायचा: मी यांचं काय देणं लागतो? उत्तर 'काहीच नाही' आलं तर खुशाल बोला, प्रेमाने बोला. पण माझा अनुभव असा, की उत्तर सहसा 'काहीच नाही' येत नाही.

प्रार्थना

हे प्रभू येशू, दुसऱ्यांवर बुरूज पडला तेव्हा मी त्यांची पापं मोजली, मला क्षमा कर. माझ्या छताखाली, माझ्या ऑर्डरखाली, माझ्या सोयीखाली जी माणसं दबली आहेत, ती मला दाखव. जे देणं मी पुढे ढकलतोय ते आज द्यायला मला बळ दे. आणि मग कोणाला चुकीपासून परत आणायचं असेल, तर माझ्या तोंडात तुझे शब्द ठेव आणि माझ्या हातात त्यांचं देणं. पटेल कंपाउंडमध्ये, वळपाड्यात ज्यांची माणसं गेली, त्या घरांना तूच धीर दे. आमेन.

आजसाठी एक काम : कोणाचं तरी 'बघू' म्हणून टाकलेलं एक काम, एक फोन किंवा एक पेमेंट आज झोपायच्या आधी पूर्ण करा. उद्या आपण याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सुरू करू.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.